पानाखालची ओळ

माझा आवाज दोनदा गेला. पहिल्यांदा तंबाखूनं नेला आणि दुसऱ्यांदा माझ्या मुलीच्या टापटिपीनं. पहिल्याचा दोष सर्वस्वी माझा, त्यात रडायला जागा नाही. दुसऱ्याची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे, कारण तो आवाज परत आला तेव्हा तो माझ्या एकट्याचा राहिला नव्हता.

मी हिंदुराव खराडे. वीज मंडळात वायरमन होतो, पण पलूस भागात मला खांबावर चढणारा म्हणून कुणी ओळखत नाही. ओळखतात ते कबड्डीचा निवेदक म्हणून. चढाई करणारा खेळाडू मध्यरेषा ओलांडून आत शिरला की माझी जीभ त्याच्याबरोबर आत शिरायची, आणि तो परत येईपर्यंत ती काही थांबायची नाही. घरीही थांबायची नाही, असं आमच्या शालनचं म्हणणं. शालन म्हणजे माझी बायको. "उचलली जीभ लावली टाळ्याला" ही म्हण लोक पूर्वीपासून वापरतात, पण तिच्या मते ती माझ्यासाठीच राखून ठेवलेली होती.

मग गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि श्वासासाठी गळ्याला एक भोक ठेवलं. जीव वाचला, आवाज गेला. वर्षभर मी पाटीवर लिहून चहा मागितला. शालन म्हणायची, लग्नानंतर पहिल्यांदा घरात शांतता आहे. म्हणायची आणि तोंड फिरवून डोळे पुसायची.

मला परत बोलतं केलं ते स्वरपट्टीनं. हल्ली पुष्कळांच्या गळ्याला ती दिसते, तरी नीट सांगतो. स्वरयंत्र काढलं हे मेंदूला काही कुणी कळवत नाही. बोलायचं मनात आलं की तो जुन्या सवयीनं जिभेला, ओठांना, जबड्याला आणि मानेच्या स्नायूंना हुकूम सोडतच राहतो. हे हुकूम म्हणजे विजेचे बारीक ठोके, व्होल्टच्या हजाराव्या भागाहूनही लहान. आयुष्यभर मी अकरा हजार व्होल्टच्या तारांशी खेळलो, आणि शेवटी उपयोगी पडली ती ही एवढीशी वीज. हनुवटीखाली चिकटवलेली पट्टी हे ठोके टिपते, तिच्यातला प्रोग्राम त्यावरून शब्द ओळखतो आणि खिशाला लावलेला छोटा स्पीकर तो शब्द बोलतो. बोलतो तोही माझ्याच आवाजात, कारण क्रीडा मंडळाकडे माझ्या जुन्या सामन्यांची रेकॉर्डिंग पडून होती.

हा प्रोग्राम कुठल्या कंपनीचा नाही. तो सगळ्यांचा आहे. गावच्या विहिरीसारखा, पाणी कुणीही न्यावं, गाळ मात्र सगळ्यांनी मिळून काढायचा. देशोदेशीचे लोक आपापला वेळ देऊन तो लिहितात, सुधारतात आणि फुकट वाटतात.

अडचण एकच होती. ऑपरेशन आणि किरणांचे उपचार झाले की प्रत्येकाचा गळा वेगळ्या तऱ्हेनं आखडतो. त्यामुळे प्रोग्राममध्ये शेकडो बारीक पेच ठेवलेले आहेत, कुठला किती पिळायचा हे माणसागणिक बदलतं. हातानं ते जुळवायचे म्हणजे जन्म जायचा. म्हणून प्रोग्रामच्या आतच एक जुळवणारा बसवलेला आहे. माझी मुलगी त्याला एजंट म्हणते, मी दिवाणजी म्हणतो. वापरणाऱ्यांनी लिहिलेली मदतीची पानं तो वाचतो, आपल्याला दोनचार प्रश्न विचारतो आणि त्या पानांत सांगितलं असेल तसे पेच पिळतो.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. पूर्वी यंत्राबरोबर माहितीचं पुस्तक यायचं ते माणसानं वाचायचं असे, आणि माणूस ते वाचत नसे. आमच्या मिक्सरचं पुस्तक शालननं तेलाच्या बरणीखाली घातलं होतं. आता माणसाच्या जागी दिवाणजी वाचतो, आणि तो एकही शब्द सोडत नाही. त्यामुळे पानावर जे लिहिलं जातं ते थेट गळ्यात उतरतं.

या पानांचा एक रिवाज होता. कुणीही युक्ती लिहिली की पानाच्या तळाशी ती आपल्याला कुणी सांगितली हे लिहायचंच. नुसतं नाव नाही, तो माणूस कोण, कुठं, कशासाठी बोलतो तेही. ही ओळ नसेल तर पान घेतलं जात नसे. मला ज्या पानानं आवाज दिला त्याचं नाव होतं 'घाईत बोलणे'. लिहिणारी नांदेडची कुणी शिक्षिका होती, आणि खाली ओळ होती: "ही युक्ती मला मुरलीधर चौगुले यांनी सांगितली. सांगलीला हळदीचे सौदे पुकारतात, उघड्यावर, गलक्यात. शब्द पुरा व्हायची वाट बघत नाहीत, चुकला तर चुकू देतात."

एरवी प्रोग्राम शब्द पूर्ण कळेपर्यंत थांबतो. या पानावरून दिवाणजीनं माझ्यासाठी तो थांबा काढून टाकला. मी मनात "चढाई" म्हणायला घेतलं की स्पीकर अर्ध्यातच ओरडू लागला. पहिल्या दिवशी मी शालनला हाक मारली तर "शाल" म्हणून पुढचं खाऊन टाकलं. ती हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, "व्हय, ह्येच ते. अर्धं बोलून पळणारं माणूस."

आता माझी मुलगी. संयोगिता, घरात संयू. कराडच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. बाप फुकटात बोलू लागला हे तिच्या मनाला लागलं. "आण्णा, आपण नुसतं पाणी प्यायचं आणि गाळ काढायला जायचं नाही, हे बरोबर नाही," म्हणाली, आणि स्वरपट्टीच्या मदतपानांच्या कामाला लागली. पोरगी कष्टाळू आणि कमालीची नीटनेटकी. तिनं लहानपणी आईच्या मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. शालनला त्यानंतर आठवडाभर जिरं सापडत नव्हतं. अशा पोरीला दोन वर्षांत पानांची प्रमुख करणार नाहीत तर काय?

पानांचा पसारा होताही दांडगा. एकच गोष्ट पाच जणांनी पाच तऱ्हेनं लिहिलेली. नवा माणूस आला की गांगरून जायचा. संयूनं सगळ्याचे चार कप्पे पाडले: शिकण्यासाठी, करण्यासाठी, शोधण्यासाठी, समजून घेण्यासाठी. सारखी पानं एकत्र केली, आणि तळाच्या त्या ओळी सगळीकडून उचलून 'ऋणनिर्देश' नावाच्या एका पानावर अकारविल्हे लावल्या. तेही नुसती नावं आणि गावं.

"वापरणाऱ्याला पट्टी लावायची असते, आण्णा," ती म्हणाली. "खाली कुणी सांगितलं, त्याचा धंदा काय, त्याला बोलायची घाई का, ह्याचं त्याला काय करायचंय? आभार एका जागी मानले की झालं."

मलाही ते पटलं. लग्नपत्रिकेत नाही का सगळे आपले विनीत एका कोपऱ्यात घालतात? गदगच्या एका म्हाताऱ्या बाईंनी चर्चेत लिहिलं होतं की ओळ पानाखालीच शोभते. पण का ते त्यांना सांगता आलं नाही. मतं पडली आणि संयूचं म्हणणं मान्य झालं.

नवी आवृत्ती आली त्या सकाळी मी शालनला म्हणालो, "चहा झाला का?"

ती दारात येऊन उभी राहिली. "कोण आलंय वो?"

आवाज माझाच होता, पण त्याला कुणीतरी इस्त्री केली होती. प्रत्येक शब्द पुरा, स्वच्छ, एकाच लयीत. बँकेत फोन केल्यावर बाई बोलते तसा मी बोलत होतो. शालन म्हणाली, "चांगलं बोलताय की, पर मला आपलं पावण्याला च्या दिल्यागत वाटतंय."

मी हसण्यावारी नेलं असतं, पण दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशी वेळ होती. कृष्णाकाठ क्रीडा मंडळाच्या चषकाची स्पर्धा सुरू झाली होती आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच मला माइकवर बोलावलं होतं. गेली काही वर्षं तिथं कॅमेऱ्याचा निवेदक होता. कॅमेरा खेळ बघतो आणि स्वतःच बोलतो. ना त्याला मानधन, ना चहा. अध्यक्ष संपतराव मोहिते माझे जुने स्नेही. त्यांनी कमिटीशी भांडून ठरवलं होतं की यंदा उपांत्य सामना आणि अंतिम सामना खराडे बोलतील. जमलं तर दरवर्षी माणूस, नाही जमलं तर कायमचं यंत्र.

उपांत्य सामन्यात माझी शोभा झाली. चढाईला सगळं मिळून अर्धं मिनिट असतं. पोरगा आत शिरला, बोनस घेतला, कोपऱ्यातल्याला हात लावून परतही आला, तेव्हा मी "खेळाडू आता मध्यरेषा ओलांडत आहे" असं निवांत सांगत होतो. शब्द पुरा झाल्याशिवाय पट्टी तोंड उघडेना. मी मनातल्या मनात धावत होतो आणि छातीवरचा स्पीकर मागून काठी टेकत येत होता. लोक आधी गप्प बसले, मग हसले. "आण्णा, कालची म्याच सांगताय काय?" मागून कुणीतरी ओरडलं.

संपतराव सामन्यानंतर जवळ आले. भला माणूस. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "हिंदूआण्णा, रविवारी फायनलला तुमचा सत्कार करूया. शाल, श्रीफळ. माइकचं राहू द्या, हं?"

शाल घ्यायला मी गेलो असतो, पण ती पांघरून गप्प बसायचं कसं, हे मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. मी रविवारपर्यंत थांबा म्हटलं. तेही अशा गोड आवाजात निघालं की त्यांना वाटलं मी सत्काराला होकार दिला.

घरी येऊन संयूला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. तिच्याकडे आधीच तक्रारी येत होत्या. नव्या लोकांनी कौतुक केलं होतं, पट्टी चुटकीसरशी जुळते म्हणून. जुने मात्र लिहीत होते की आवाज बिघडलेला नाही, पण आमचा राहिलेला नाही. तिनं मला जुनी पानं लावून बघितली. पण नव्या आवृत्तीत पेचांची नावंच बदललेली, दिवाणजीला जुन्या पानांचा अर्थ लागेना. "प्रोग्राममध्ये कुठं चूक नाही, आण्णा. पानांतही नाही. एकही सूचना मी गाळलेली नाही. मग गेलं काय?" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मला मुरलीधर चौगुले आठवले. "सांगलीला जाऊया," मी म्हणालो. "ज्यानं युक्ती सांगितली त्याला विचारू तरी. एवढी वर्षं त्याच्या युक्तीवर बोललो, कधी रामराम केला नाही."

हळदीच्या बाजारात चौगुले सापडायला वेळ लागला नाही. पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलेला उंच, वाळलेला माणूस, हनुवटीखाली पट्टी, कपड्यांवर पिवळी धूळ. मी नमस्कार केला, नाव सांगितलं, आणि कुणाच्या युक्तीनं बोलतो तेही सांगितलं. ते गडबडीनं उठले. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "फार आनंद झाला. आपण बसा."

मी चमकलो. संयूही चमकली. आवाजाची जात वेगळी होती, त्यांचा खर्जातला, माझा चिरका. पण चाल तीच, थांबे तेच, तीच इस्त्री. आम्ही दोघं बोलू लागलो तर एकाच शाळेतली दोन पोरं धडा म्हणतायत असं वाटावं.

"सौदे कसे चाललेत?" मी विचारलं.

"चाललेले नाहीत," चौगुले त्याच गोड लयीत म्हणाले. "मी भाव पुकारेपर्यंत पुढचा ढीग सुरू होतो. मालकांनी पोऱ्याला उभं केलं आहे." मग त्यांनी वैतागून पट्टी काढली आणि नुसत्या ओठांनी, हातवारे करून जे सांगितलं ते मला बरोबर कळलं. छापण्याजोगं नव्हतं.

संयू पोत्यावर बसून मोबाइलमध्ये डोकं घालून होती. तिनं दिवाणजीला विचारलं की ह्या दोघांना ही जुळवणी का दिली. उत्तर आलं: बहुतेकांना चालते म्हणून. तिनं विचारलं, मागच्या आवृत्तीत वेगळी का दिली होतीस? तेव्हा त्यानं जे दाखवलं ते तिनं मोठ्यानं वाचलं. "सांगणारा उघड्यावर, गलक्यात, घाईनं बोलतो. वापरणाराही तसाच. म्हणून त्याचं ऐकलं."

"हे तुला कुठून कळलं होतं?" तिनं विचारलं.

पानाखालच्या ओळीतून, दिवाणजी म्हणाला.

संयूनं मोबाइल मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "आण्णा, युक्ती अजूनही पानांत होती. पण ती कुणासाठी आहे हे फक्त त्या ओळीत होतं. मला वाटलं ते आभार आहेत."

"आभारच होते की," मी म्हणालो.

"हो. पण दिवाणजी त्यावरूनच ठरवत होता की हा माणूस कुणासारखा आहे, ह्याला कुणाचं सांगणं लागू पडेल. मी ओळी काढल्या आणि सगळे सल्ले एकसारखे झाले. मग त्यानं सगळ्यांची सरासरी काढली." तिचे डोळे भरले. "हजारो लोकांचा गळा मी एका मापाचा शिवला, आण्णा."

चौगुल्यांनी पट्टी परत लावली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, रडू नकोस. चहा घे." आवाज बँकेतल्या बाईसारखा होता. पण हात त्यांचाच होता, आणि संयूला हसू फुटलं.

काम सोपं नव्हतं. हा प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींत काहीच पुसलं जात नाही, जुनं सगळं साठवणीत राहतं. पण तिनं तीनतीन, चारचार पानं एकत्र केली होती. कुठली ओळ कुठल्या परिच्छेदाची हे यंत्राला सांगता येईना. ते ज्यानं लिहिलं त्यालाच माहीत. तेव्हा तिनं परतीच्या वाटेवरच गाडीत बसून सगळ्यांना उद्देशून लिहिलं. काही लपवलं नाही. आपण काय केलं, त्यानं काय झालं, आणि शेवटी एकच प्रश्न: "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? जसं आठवतं तसं लिहा, जमेल तेवढं लांब लिहा."

मला वाटलं होतं लोक शिव्या घालतील. दोघाचौघांनी घातल्याही. पण दुसऱ्या दिवशी दुपारपासून जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. संयू बसली होती तिथं मागं मी आणि शालन खुर्च्या टाकून बसलो आणि ती एकेक वाचून दाखवत होती. दिवाणजी कुठल्याही भाषेतलं मराठीत आणून देत होता.

"कुजबुजायची युक्ती मला माझ्या शेजारणीनं सांगितली. रुग्णालयात रात्रपाळी करते, झोपलेल्यांना उठवायचं नसतं."

"हसताना पट्टी गोंधळते त्यावरचा उपाय मला लिमा शहरातल्या एका न्हाव्यानं सांगितला. तो दिवसभर हसतो."

"घास तोंडात असताना बोलायचं मला माझ्या वडिलांनी शिकवलं. ते आता नाहीत. जेवताना गप्प बसणं त्यांना जमलं नाही. ही ओळ काढू नका."

गदगच्या त्या म्हाताऱ्या बाईंचंही आलं. त्या भाजी विकत. घाईत बोलायची युक्ती मुळात त्यांची निघाली. चौगुल्यांनी ती त्यांच्याकडून घेतली होती. आणि त्यांना ती दिली होती त्यांच्या नातवानं, मोबाइलवर प्रोग्रामचे पेच हातानं पिळून पिळून, कारण आजीचं घासाघीस करणं त्याला परत ऐकायचं होतं.

शालन पदर तोंडाला लावून ऐकत होती. "येवढी माणसं," ती म्हणाली. "येवढी माणसं तुमच्या गळ्यात बसल्यात व्हय?"

गोड आवाजात बोलायची माझी इच्छा नव्हती. पण मनात आलं की जन्मभर मी समजत होतो आवाज देवानं दिला आणि मी कमावला. आता हा दुसरा आवाज मला एका नातवानं, एका आजीनं, एका हळदवाल्यानं आणि नांदेडच्या एका शिक्षिकेनं दिला होता, आणि त्यातल्या तिघांचं तोंडही मी पाहिलं नव्हतं. मला त्या सगळ्यांबद्दल इतकी माया दाटून आली की खरा गळा असता तर भरून आला असता.

संयूनं ते चार कप्पे मोडले नाहीत. ते चांगलेच होते. पण एकत्र केलेली पानं तिनं लोकांच्या मदतीनं सोडवली आणि प्रत्येकाखाली त्याची ओळ परत लावली. नवा नियमही लिहिला: ओळ पानापासून कधीही वेगळी करू नये. शनिवारी संध्याकाळी नवी पानं चढली. मला वाटलं लगेच बोलून बघावं, पण धीर होईना. संयूच म्हणाली, "आण्णा, आईला हाक मारा."

मी मारली.

"शाल!" एवढंच निघालं. पुढचं खाल्लं.

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. "आले, आले! बसा तिथंच बोंबलत!" शालन आतून म्हणाली, आणि बाहेर आली तेव्हा ती रडत होती.

रविवारी मी संपतरावांना सांगितलं की शाल नंतर घेईन, आधी माइक द्या. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कॅमेऱ्याचा निवेदक तयार ठेवलाच होता. "पहिल्या चार चढाया," ते म्हणाले. "मागं पडलात तर मी तिकडं देणार. वाईट वाटून घेऊ नका."

चौगुले सांगलीहून आले होते. माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले. शिट्टी झाली आणि बांबवड्याचा एक शिडशिडीत पोरगा आत शिरला.

"आला, आला, डावी बगल, बोनस, बोनस घेत, नाही घेतला, हुलकावणी, कोपरा बघ, कोपरा, लावला हात! सुटला! धरला! धरला रे, रेषेवर बो, बोट पोचलं, पोचलं, गुण!"

बोलता बोलता मी दोनदा चुकलो. एकदा उजवीला डावी म्हणालो आणि एकदा एका खेळाडूचं नाव दुसऱ्याला दिलं. पण मी पोराबरोबर होतो, त्याच्या पायाबरोबर. गळ्याच्या भोकातून माझा श्वास फसफसत होता आणि छातीवर माझा चिरका, तुटका, अर्धे शब्द खाणारा आवाज धावत होता. चौथी चढाई कधी झाली ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. संपतरावांच्याही नाही, ते उभं राहून ओरडत होते. मागून उपांत्य सामन्यातलाच टवाळ आवाज आला, "आण्णा, हिकडं बी बघा की जरा, आमची पकड सांगा!"

मी सांगितली.

बक्षीस समारंभात शाल मिळाली. मी ती चौगुल्यांच्या खांद्यावर घातली. ते फटकन म्हणाले, "आवं, ह्ये क," आणि पुढचं खाऊन टाकलं. मंगळवारपासून ते पुन्हा सौद्यावर उभे राहिले.

त्यानंतर संयू माझ्या मागं लागली. "तुम्ही नुसतं घेतलंत, आण्णा. आता एक पान लिहा." म्हणून मी 'धावत्या खेळाचं वर्णन' असं पान लिहिलं. डोळे जिथं असतील तिथं जीभ ठेवायची, शब्द विचारून घ्यायचा नाही, चूक झाली तर मागं वळून तिच्याकडं बघायचं नाही, असं सगळं. खाली ओळ लिहायला बसलो तर ती संपेना. चौगुले, गदगच्या आजी, त्यांचा नातू, सगळे आले. शेवटी लिहिलं, "आणि माझी मुलगी संयोगिता. तिनं ही वाट एकदा बुजवली आणि मग सगळ्यांसाठी पक्की केली." संयूनं ते वाचलं. "लांब झालंय," म्हणाली. पण एक शब्दही कमी केला नाही.

मला वाटलं, कबड्डीचे निवेदक जगात असे किती, आणि त्यातले स्वरयंत्र काढलेले किती? पान पडून राहील. राहिलं तरी माझं देणं फिटलं.

परवा संयू मोबाइल घेऊन माझ्याकडं आली. नवं पान आलं होतं, चंद्रपूरकडच्या एका बाईंनी लिहिलेलं. वय तिशीचं, घर मोठ्या रस्त्याला लागून. पानाचं नाव होतं 'पोराला हाक मारणे'. पेच कसे लावायचे ते चार ओळींत होतं. शेवटी लिहिलं होतं की एकदा मुलगा चेंडूमागं रस्त्यावर धावला आणि त्याचं नाव तोंडातून अर्धंच निघालं, पण वेळेवर निघालं. तो थांबला.

खाली रिवाजाप्रमाणे ओळ होती. संयूनं ती वाचून दाखवली नाही, मोबाइल माझ्या हातात दिला. मीच वाचली.

"ही युक्ती मला हिंदुराव खराडे यांनी सांगितली. पलूसला कबड्डीचं वर्णन करतात, मैदानावर, गर्दीत. खूप चुकतात. पण उशीर करत नाहीत."

मी शालनला हाक मारली. या खेपेला घाई नव्हती, नाव पुरं निघालं.